तीर्थनचा मासा

पुणे, २६ मे

प्रिय दिग्या,

परवाच हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून आलो. फोनवर तू ‘मासा लागला का?’ एवढंच विचारलंस, पण त्याचं उत्तर हो-नाहीत मावत नाही, म्हणून कागद घेतला.

आपण कालव्यावर गांडूळ लावून गळ टाकायचो, तेव्हा शिशाच्या वजनाने दोरी लांब जायची. या फ्लाय-फिशिंगमध्ये सगळं उलटं. ‘माशी’ म्हणजे गळाला गुंडाळलेलं पीस आणि दोरा, तिला वजनच नाही. जड असते ती दोरी. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे फेकायची. त्यासाठी दोन महिने सोसायटीच्या गच्चीवर, गळाऐवजी लाल लोकर बांधून सराव केला. खालच्या काकूंनी विचारलं, ‘कबुतरं हाकलताय का?’ हो म्हणून टाकलं.

आणि एवढं करून तिथे पाहतो तर मागे जागाच नाही! गुशैनी गावाच्या वर, जंगलातला ओढा, दोन्हीकडून झाडं पाण्यावर ओणवलेली. (तिकडे ओढ्याला नाला म्हणतात. आंबील ओढ्याशेजारी वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.) पहिल्या तासात तीन माश्या फांद्यांना अर्पण केल्या. माझी नऊ फुटी काठी तर जिथे तिथे अडकायची. शेवटी बरोबरच्या गावच्या पोराने दाखवलं: माशी चिमटीत धरायची, काठी ताणून वाकवायची, नेम धरायचा, सोडायची. अरे, बेचकी! कैऱ्या पाडायला आपण दुसरं काय करायचो?

ज्याच्यासाठी गेलो तो ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने गुडघ्यांवर सरकत गेलो. एका दगडामागे पाणी जरा थबकत होतं. माशी तिथे पडली, हातभर वाहिली आणि चुटकी वाजावी तसं पाणी फुटलं. वीतभरच मासा. पिवळसर अंग, त्यावर लाल ठिपके आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी. हात आधी ओला केला, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला होता, त्यामुळे अलगद सुटला. तळव्यात जरा वेळ कल्ले हलवत राहिला, मग गेला.

सोडला म्हणून तू शिव्या घालणार, तुला रस्साच दिसतो. गंमत म्हणजे हा मासा मूळचा तिथलाही नाही. इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास काश्मीरहून अंडी आणून कुल्लूत वाढवला. आपल्या मुळा-मुठेत मात्र टिकायचा नाही, त्याला गारच पाणी हवं.

ऑक्टोबरात येतोस? १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत बंदी असते. दिल्लीहून रात्रीची मनालीची बस धरायची आणि औटला उतरायचं. परवान्याचं मी बघतो. या वेळी काठी सात फुटीच घेणार आहे.

वहिनींना नमस्कार. रश्श्याचं त्यांना आत्ताच काही बोलू नकोस.

तुझा,
अव्या