दादा, कंपाउंडला कोनोकार्पस लावू नकोस

अल ऐन, यूएई

प्रिय दादा,
सा. न.

तुझा व्हॉईस मेसेज ऐकला. येळ्ळूरच्या नव्या घराच्या कंपाउंडला नर्सरीवाला कोनोकार्पस लाव म्हणतोय, आणि तुझं म्हणणं की तुमच्या वाळवंटात टिकतंय म्हणजे इथं डोळे झाकून येईल. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून निवांत लिहायला बसलोय, आईला पण वाचून दाखव.

इथं त्याला दमास म्हणतात. भिंतीला ओळीनं लावलं की दोन-तीन वर्षांत भिंतीच्या वर हिरवागार पडदा तयार, धूळ अडते, बाहेरून आतलं दिसत नाही, बाराही महिने हिरवं, मग लोक भुलणारच की. पण त्याची मुळं पाण्याच्या मागावर असतात, पाईपच्या जॉईंटमधून आत शिरतात, ड्रेनेज तुंबतं, फरशी उचलते. गेल्या थंडीत आमच्याच बागकामाच्या टीमनं एका घरामागची अख्खी ओळ काढली, तिथला चार इंची पाईप उघडला तर आत मुळांचा एवढा घट्ट झुबका की पाणी जायला बोटभर पण जागा नव्हती, आणि तो झुबका दोघांनी ओढून काढावा लागला. गुजरात सरकारनं तर २०२३ मध्ये ह्या झाडाच्या लागवडीवर बंदीच घातली. तुझी सेप्टिक टँक त्याच भिंतीला लागून आहे दादा, नको तो ताप.

इथं शोभेचं झाड निवडताना फूल अगदी शेवटी बघायचं असतं. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आत, आपल्या कणकुंबीला जोर धरला की एका दिवसात तेवढा पडतो. (२०२४ च्या एप्रिलमध्ये इथं अल ऐनकडंच एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला, सगळीकडं पाणीच पाणी, पण तसं कधीतरीच.) म्हणजे झाडं सगळी ठिबकवर, तेही बहुतेक ठिकाणी सांडपाणी शुद्ध करून दिलेलं. उन्हापेक्षा जास्त झाडं मिठानं जातात हे मला इथं आल्यावर कळलं. ठिबकच्या तोटीभोवती जिथं ओल संपते तिथं पांढरी कड धरते, नखानं खरवडली की पापुद्रा निघतो, ते मीठ. रोज चमचा-चमचा पाणी दिलं की ते तिथंच साठतं आणि पानांच्या कडा करपायला लागतात, म्हणून कमी वेळा पण भरपूर पाणी द्यायचं, मीठ खाली धुतलं जातं आणि मूळही खोल उतरतं. आपला गुलमोहर बेळगावात टिळकवाडीत मे महिन्यात काय फुलतो, इथं मात्र त्याला हे पाणी झेपत नाही, वारा सुटला की फांद्या मोडतात, तरी लोक हट्टानं लावतात.

माझं मन बसलंय ते घाफवर. म्हणजे आपली शमी, दसऱ्याला कानडी शेजारी बन्नीची पानं हातात देतात ना तेच झाड! २००८ साली ह्या देशानं त्याला राष्ट्रीय झाड केलं. मुळं वाळूत तीस मीटरपर्यंत खाली जातात, भर उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना ह्याची बारीक पानं हिरवी असतात आणि खाली उंट बसलेले असतात. आमच्या पोरांना जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद असतं, साईटवर घाफ असला तर सगळे डबे घेऊन त्याच्याच खाली. दिसायला साधं आहे, मान्य, पण मला बागेतलं सगळ्यात देखणं झाड तेच वाटतं. दुसरं सिद्र, आपल्या बोरीच्या जातीतलं, फळं पण खातात. आणि कडुलिंब तर इथं जागोजागी आहे, तिकडं सौदीत अराफातच्या मैदानावर हाजी लोकांना सावली म्हणून हजारो लावलेत.

पण वाळवंटातली यादी जशीच्या तशी येळ्ळूरला चालवू नकोस. इथलं दुखणं मीठ आणि तहान, तुझं दुखणं पावसाळ्यात भाताच्या बाजूनं साचणारं पाणी. शमी लाव, पण राजहंसगडाकडच्या उंच कोपऱ्यात. सखल बाजूला ताम्हण लाव, त्याला पाणी आवडतं आणि जांभळी फुलं आईला आवडतील. रस्त्याकडं करंज आणि एखादा बहावा. टाकीपासून सगळंच जरा लांब ठेव, भिंतीला पडदाच पाहिजे असेल तर मेंदीचं कुंपण कर.

एक काम मात्र लगेच कर. खड्डा काढलास की काठोकाठ पाणी भर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. इथं वाळूखाली कधीकधी सिमेंटसारखा कडक थर लागतो, तो फोडला नाही तर झाड कुंडीत लावल्यासारखंच राहतं, म्हणून आम्ही प्रत्येक खड्ड्याला हे करतो. सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथं लावू नकोस, फोटो पाठव, मग कुठलं लावायचं ते ठरवू. रोप घेताना पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर तेही परत दे, कितीही उंच असलं तरी.

वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
धाकटा