एका स्वल्पविरामाबद्दल आभार

स. न. वि. वि.

तुमचं खरं नाव मला आजही माहीत नाही, आणि टोपणनाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय. म्हणून पत्र बिननावाचंच. वाचलंत की कळेल कोणाला लिहिलंय ते.

गेमची नवी आवृत्ती मागच्या आठवड्यात बाहेर पडली. शेवटी श्रेयनामावली सरकते, तिच्यात ‘चाचणी’ या शब्दाखाली चाळीसेक नावं आहेत आणि त्यातच कुठेतरी तुमचं. पापणी लवली की गेलं. ते काही माझ्या मनाला पटेना.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगतो. आमचा गेम चौघांनी एकमेकांविरुद्ध ऑनलाइन खेळायचा, रणनीतीचा. करणारे सगळे फावल्या वेळातले, पगार कोणालाच नाही. आठ महिने बंद बीटा चालला होता, म्हणजे अपुरा गेम फक्त निवडक लोकांनी खेळून तपासायचा. अकरा टेस्टर, सगळे ओळखीतले किंवा ओळखीच्यांच्या ओळखीतले. तुम्ही बारावे.

बंद बीटाला मी आजही नावं ठेवणार नाही. अर्धंकच्चं काम दाखवायला आडोसा लागतोच. सुरुवातीच्या तीन महिन्यांत आम्ही सेव्ह फाइलची रचना चार वेळा बदलली. दर वेळी सगळ्यांचे जुने डाव मातीत गेले आणि अकराच्या अकरा जणांनी कुरकुर न करता नवा डाव मांडला. अनोळखी माणसाला असं करायला सांगून बघा! पण हीच माणसं हळूहळू गेमला सरावली. घरातली कुठली पायरी डुगडुगते ते घरच्यांना ठाऊक असतं, ते तिच्यावर पायच देत नाहीत. तुमचा पहिला रिपोर्ट दोन ओळींचा होता: ‘सेव्ह करायच्या आधी पॉज करावं लागतं, नाहीतर क्रॅश होतो. हे कुठे लिहिलंय?’ कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही सगळे आधी पॉज दाबत होतो, हाताला सवयच झाली होती. आठ महिन्यांत एकालाही तो बग वाटला नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही लिहिलंत, बीटा खुला करा. मी वैतागलो. काल आलेल्या माणसाने हे सांगावं? माझी भीती साधी होती: लोक एकदाच येतात, मोडकं बघितलं की परत फिरकत नाहीत, आणि ‘बीटा’ हा शब्द कोणी वाचत नाही. वर मी नेटहॅक या जुन्या संगणक खेळाचा दाखला दिला. तीही हौशी मंडळी, टीम बंद दाराआड काम करणारी, आणि खेळ १९८७ पासून जिवंत आहे. तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत की त्याची ३.४.३ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली आणि पुढची ३.६.० डिसेंबर २०१५ मध्ये; मधली बारा वर्षं खेळाडूंनी स्वतःच्या उपआवृत्त्या काढून खेळ चालता ठेवला, आणि २०१४ मध्ये टीमचा अर्धवट कोड बाहेर फुटला तो फुटलाच. मग तुम्ही झिरो एडी या रणनीतीच्या खेळाचं उदाहरण काढलंत. तो प्रकल्प अनेक वर्षं बंद दाराआड चालला होता, २००९ मध्ये कोड खुला केला आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये पहिली अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीची कच्ची आवृत्ती, लोकांच्या हातात दिली. ‘ती अल्फा काही गुळगुळीत नव्हती,’ असंही वर जोडलंत.

त्यावर मी जे लिहिलं त्याची अजून लाज वाटते. लिहिलं होतं, ‘आणि तो सगळा पसारा निस्तरणार कोण? तुम्ही?’

तुमचं उत्तर एका अक्षराचं होतं. ‘हो.’

दार उघडलं आणि पहिल्या चार दिवसांत १६३ रिपोर्ट आले. त्याआधी आठवड्याला सहा यायचे. मी तीन दिवस ते पान उघडलंच नाही, खरं सांगतो. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा ते आवरलेलं होतं. एकाच बगचे एकोणीस रिपोर्ट एकाखाली एक जोडलेले, प्रत्येकाला ‘मिळालं, धन्यवाद, हा तोच बग आहे’ असं उत्तर गेलेलं. ‘अमुक योद्धा फारच कमजोर आहे’ छापाच्या तक्रारी वेगळ्या काढलेल्या, कारण त्यावर भांडायला आम्हाला वेळच वेळ असतो. एकाने नुसतं ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं होतं. त्याला तुम्ही चार वेळा, आवाज न चढवता, विचारत राहिलात: सुरूच होत नाही का? सुरू होऊन बंद पडतं का? कुठल्या पडद्यावर? चौथ्या उत्तरात कळलं की त्याच्या फोल्डरच्या नावात उच्चारचिन्ह असलेलं एक अक्षर होतं आणि आमचा गेम तिथेच अडखळत होता. मी असतो तर पहिल्या उत्तरानंतरच रिपोर्ट बंद करून टाकला असता.

खुला की बंद, यावर वाद घालताना मी गुप्ततेचा विचार करत होतो, पहिल्या छापेचा करत होतो. आलेलं वाचणार कोण, हा प्रश्न मी फक्त टोमणा मारायला वापरला. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. आमच्याकडे नोकरीवरून दमून आलेला एखादा प्रोग्रॅमर असतो, आणि त्याच्यासमोर १६३ रिपोर्ट ठेवले तर तो गेम करणं सोडेल. तुम्ही नसतात तर आम्ही आठवड्याभरात दार पुन्हा लावून घेतलं असतं आणि ‘बघा, म्हणालो नव्हतो?’ असं मीच सगळ्यांना ऐकवत फिरलो असतो.

आता तो स्वल्पविराम.

चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास ऑनलाइन डाव तुटायचा. सगळ्यांचा नाही, काहींचाच. आमच्या गेममध्ये सैन्य कुठे आहे हे नेटवर्कवरून पाठवलं जात नाही, फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवले जातात आणि प्रत्येकाचा संगणक आपापला हिशेब करतो. सगळ्यांचा हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलाच पाहिजे. जरा चुकला की डीसिंक, म्हणजे संगणकांचा मेळ तुटला, डाव खलास. म्हणून आम्ही दशांश अपूर्णांक टाळतो, दीड हवं असेल तर १५०० लिहितो आणि नंतर हजाराने भागतो. बंद बीटात हा प्रकार एकदाही झाला नव्हता. खुल्या बीटात तो वेगवेगळ्या नावांनी येत राहिला. कोणी ‘सर्व्हर भिकार’ म्हणे, कोणी ‘समोरचा चीटिंग करतो’. मीही दोन रात्री सर्व्हरच उलटापालटा करत बसलो.

तुम्ही लॉग, म्हणजे गेम चालताना स्वतःच लिहून ठेवतो त्या नोंदी, वाचत होतात. आमचे लॉग आम्हीही वाचत नाही. सातशे ओळींच्या त्या गिचमिडीत एक ओळ असते, एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, काढायला किती मिलिसेकंद लागले याची. माझ्याकडे तिथे १६.७ दिसतं. तुम्ही पाच जणांचे लॉग शेजारी शेजारी ठेवून फक्त तेवढीच ओळ मला पाठवलीत, आणि त्या पाचही लॉगमध्ये लिहिलं होतं: १६,७. खाली तुमचा प्रश्न, ‘या सगळ्यांकडे टिंबाऐवजी स्वल्पविराम का आहे?’

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. जर्मन, फ्रेंच अशा कितीतरी भाषांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविरामच लिहितात, आणि संगणकाची सेटिंग तशी असली की आकडा वाचणारं आमचं फंक्शनही स्वल्पविरामाचीच वाट बघतं. त्याला ‘१.०५’ दिलं की ते टिंबापाशी थांबतं आणि १ सांगून मोकळं होतं. म्हणजे कुठल्यातरी फाइलमध्ये कोणीतरी चुकून दशांश लिहिला होता. कुठल्या, ते शोधायला मधले ६४ बदल निम्मे-निम्मे करत जायचं होतं, सहा फेऱ्या, आणि दर फेरीला चाळीस मिनिटांचा डाव. तुम्ही त्यासाठी एक छोटा नकाशा बनवलात, सगळी सामग्री पहिल्या मिनिटापासून हाताशी असलेला. फेरी तीन मिनिटांवर आली. सहाव्या फेरीला सापडलं: तटबंदीच्या शेवटच्या सुधारणेत मजबुती १.०५ पट. ती सुधारणा खेळाडू साधारण चाळिसाव्या मिनिटालाच घेतात. एकाच्या भिंती पाच टक्के पक्क्या, दुसऱ्याच्या होत्या तशाच. एकट्याने खेळताना ते कोणाच्या लक्षात येणार? आणि आमच्या व अकराही टेस्टरांच्या संगणकावर टिंबच होतं. बंद बीटा आणखी आठ वर्षं चालवला असता तरी हा बग सापडला नसता.

(ती ओळ लिहिणारा मीच होतो. हे तुम्हाला आधीच दिसलं असणार, बदलाशेजारी नाव असतं. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत.)

आता आम्ही दोन्ही ठेवतो. सेव्ह फाइली मोडणारं, कथानक फोडणारं जे काही असेल ते सात-आठ जणांत, आणि प्रत्येक वेळी त्यातले दोन तरी नवे. बाकीचं खुलं. आवृत्त्यांच्या क्रमांकांत वेस्नॉथ या रणनीतीच्या खेळाची पद्धत उचलली, मधला अंक सम तर स्थिर, विषम तर प्रयोगाची, म्हणजे येणाऱ्याला आधीच कळतं की पाय जपून टाकायचा. आणि रिपोर्ट आवरायला आता तिघं आहेत, पाळीपाळीने. तुम्ही एकट्याने पाच महिने केलंत ते तिघांना मिळून जड जातं.

मार्चमध्ये तुम्ही ‘आता वेळ होत नाही, थांबतो आहोत’ असं लिहून गेलात. घरातले दोघे मिळून हे करत होतात की तो ‘आहोत’ असाच पडला, यावर आमच्यात अजून पैजा लागतात. थांबलात ते बरोबर केलंत. पण तेव्हा गडबडीत मी फक्त अंगठा वर केल्याचं चित्र पाठवलं होतं, आणि पाच महिन्यांना ते फारच तोकडं होतं.

मनापासून आभार.

जाता जाता एक कबुली. सेव्हच्या आधी पॉज करावं लागणं, म्हणजे तुमचा तो पहिला रिपोर्ट, अजून उघडाच आहे. क्रॅश होत नाही आता, पण त्याजागी खिडकी येते आणि म्हणते, ‘कृपया आधी पॉज करा.’ निदान लिहिलंय तरी. पुढच्या आवृत्तीत बघतो.

आपला,
मेन्यू आणि नेटवर्कचं काम बघणारा