किराणा दुकानातल्या काका-मावशींना मनापासून थँक्यू

काल लेकीच्या सिनियर केजीची ट्रिप कोथरूडमधल्या एका किराणा दुकानात गेली होती, मीपण मदतीला होते. ऐन गर्दीच्या वेळी 22 पोरं आत शिरली तरी गल्ल्यावरचे काका जराही वैतागले नाहीत, उलट तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ प्रत्येकाच्या हातावर ठेवून ओळखायला लावली, 500 ग्रॅमची दोन वजनं टाकली की 1 किलो होतो हे तराजूत घालून दाखवलं... लेक घरी येऊन सगळे डबे उघडून बसली, मला नावं सांगत होती! आणि रडणाऱ्या एका पिल्लाला कडेवर घेऊन राजगिऱ्याची वडी देणाऱ्या मावशी, "आधी पोरांचं होऊ दे" म्हणत पिशवी घेऊन थांबलेले आजोबा, तुमची नावं विचारायची राहिलीच हो. खूप खूप आभार.