कक्षेवर खापर कशाला?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला प्राचीन तापमानवाढीवरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आपले आभार मानणार होतो. शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि बेत रद्द केला. पृथ्वीची कक्षा बदलते, पृथ्वी अधूनमधून तापतेच, तेव्हा आजच्या उष्म्याचा बाऊ नको, म्हणे! घड्याळात चोरीची वेळ दिसली म्हणून चोर घड्याळालाच ठरवायचे काय?

कक्षेचा लंबगोलपणा सुमारे ४ लाख ५ हजार वर्षांच्या लयीत कमी-जास्त होतो आणि त्याचे फिकट-गडद पट्टे समुद्रतळाच्या गाळात उमटतात. दक्षिण अटलांटिकमधल्या गाळात ही लय ताडूनच झीबी आणि लौरेन्स या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये त्या तापमानवाढीचा काळ ठरवला: आरंभ ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मुक्काम सुमारे १ लाख ७० हजार वर्षे. त्या गाळाचे छायाचित्र पाहावे. फिकट, चुनायुक्त थर आणि मध्येच विटकरी माती. कार्बन मुरून समुद्राची आम्लता वाढली आणि तळाचा चुना विरघळला. आरंभ कक्षा सर्वाधिक लंबगोल असतानाच झाला, म्हणजे निमित्त कक्षेचे असू शकेल. पण पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली ती कार्बनमुळे, आणि तो हजारो वर्षे हळूहळू बाहेर पडत होता. आज आपण इंधने जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. शंभर-दीडशे वर्षांत कक्षा कितीशी हलणार?

पूर्वी याच पानावर हा काळ '५६ कोटी वर्षे' छापला गेला होता. मी दुरुस्तीचे पत्र धाडले. आपण ते छापलेत, उपकार झाले. पण त्यातही, माझ्या नावाखाली, पुन्हा '५६ कोटी'च! त्या काळी समुद्रात मासेसुद्धा नव्हते हे माझे वाक्य मात्र जागेअभावी गळले. ओळखीचे लोक अजून मला त्या पत्रावरून चिडवतात. खुलासा मागितला, तर 'नोंद घेतली आहे' एवढेच उत्तर आले. नोंद कुठे घेतली, देव जाणे. या खेपेला आकडा बरोबर आहे, त्याबद्दल मनापासून अभिनंदन.

आणि हो, लेखासोबत डायनासोरचे चित्र कशासाठी? ते बिचारे या तापमानवाढीच्या एक कोटी वर्षे आधीच नामशेष झाले होते.

आपला,
एक नियमित वाचक