सूचना: इंटरनेटची दरवाढ आणि इमारतीतील फायबर जोडणी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, घरगुती इंटरनेटच्या दरवाढीविषयी अनेकांनी समितीकडे तीव्र नाराजी व्यक्त केली असून ती पूर्णपणे रास्त आहे. इमारतीत एकाच पुरवठादाराची केबल असल्याने वाढीव दर भरण्यावाचून दुसरा पर्यायच नव्हता. म्हणून डक्टमधून अन्य कंपन्यांनाही फायबर टाकू देण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. कोणत्याही एका कंपनीला मक्तेदारी देणारा करार सोसायटीने करू नये, असे समितीचे ठाम मत आहे.

जाहिरातीतील दरावर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, शिवाय राउटरची अनामत आणि जोडणीचा खर्चही अनेकदा निराळा असतो, त्यामुळे तुलना प्रत्यक्ष भरावयाच्या रकमेची करावी.

बिलाविषयी तक्रार असल्यास ती आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागावी. ट्राय, म्हणजेच भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही.

सभेपूर्वी आपल्या अलीकडच्या बिलाची प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्यावी, ही विनंती.

सचिव, व्यवस्थापक समिती