लेहरा धरणारे पालक

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की आमच्या डोंबिवलीत इमारतींच्या जिन्यांत आणि दुकानांच्या काचांवर गायन-वादनाच्या वर्गांचे कागद नव्याने चिकटू लागतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशी परीक्षांची नावे त्यांवर क्रमाने छापलेली असतात आणि दहावीला शास्त्रीय कलांसाठी मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा उल्लेख त्यांहून ठळक अक्षरांत असतो. आठवड्यातून दोन तास मूल वर्गात शिकेल, परंतु उरलेल्या दिवसांत घरी रियाजाला बसताना त्याच्यासोबत कोण असेल, हा प्रश्न मात्र या कागदांवर नसतो आणि पालकही तो विचारत नाहीत. मीही चार वर्षांपूर्वी विचारला नव्हता. या काळात आमच्या घरी जे घडले, त्याच्या आधारे तबल्याचे वर्ग चालवणाऱ्या गुरुजनांपुढे एक सूचना ठेवावी, यासाठी हे पत्र.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिने स्वतःहून तबला निवडला. मुलीने गाणे शिकावे, तबला कशाला, असे दोन-तीन नातेवाइकांनी सुचवून पाहिले. आबान मिस्त्री यांच्यासारख्या विदुषीने याच मुंबईत एकल तबलावादन करून कित्येक वर्षे लोटली, तरी हा प्रश्न विचारणारे अजून भेटतात, याचे नवल वाटते. ज्या वर्गात आम्ही प्रथम तिचे नाव घातले, तेथे ‘पालकांनी वर्गात थांबू नये’ अशी पाटी होती. मी जिन्यात उभा राहून मोबाईल पाहत असे आणि आतून ‘धा धा तिट धा धा तू ना, ता ता तिट धा धा धी ना’ हा कायदा, म्हणजे विस्तारासाठी बांधलेली बोलांची रचना, वीस मुलांच्या हातांतून एकदम बाहेर येत असे. पाटीमागचे कारण मला पुढे पटले. काही पालक वर्गात बसून आपल्या मुलाची इतरांशी तुलना करतात, प्रत्येक पलटा, म्हणजे कायद्यातले बोल फिरवून केलेला प्रकार, मोबाईलवर टिपून घेतात आणि घरी जाताना रिक्षातच मुलाची उलटतपासणी सुरू करतात. असे पालक बाहेर असलेलेच बरे. तथापि, त्या पाटीमुळे माझी अशी समजूत झाली की फी भरणे, सोडणे आणि आणणे एवढ्यावर माझे काम संपले, आणि ही समजूत चुकीची होती.

दीड वर्षानंतर मुलगी कंटाळू लागली. याचे कारण शोधायला मला फार दूर जावे लागले नाही. एकट्याने तबल्याचा रियाज करणे हे फार कोरडे काम आहे. तबलावादक एकल वादन करतो तेव्हा त्याच्या शेजारी पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, म्हणजे एका पूर्ण फेरीत, बसवलेली छोटी सुरावट. तीनतालात ती सोळा मात्रांची असते आणि वादन संपेपर्यंत तीच ती पुन्हा पुन्हा फिरत राहते. तबलावादक कायदा मांडो, पलटे करो, बोल दुप्पट वेगाने वाजवो किंवा मात्रांच्या मधल्या फटींतून चालो, लेहऱ्याने जागा सोडायची नसते, कारण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे वादकाला आणि ऐकणाऱ्यालाही त्याच्यावरूनच कळते. त्या सुरावटीशिवाय वाजवणारे मूल केवळ बोल मोजत बसते आणि समेवर येण्यातली मजा त्याच्या वाट्याला येत नाही. सरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मोबाईलवर लेहऱ्याचे अॅप घेतले. ते उत्तम आहे आणि आजही आमच्याकडे आहे. पण रोज रात्री एका खोलीत मुलगी आणि यंत्र, तर दुसऱ्या खोलीत दूरदर्शन संच आणि मी, ही व्यवस्था मलाच खटकू लागली.

आमच्या घरात पेटी होती, मात्र ती माळ्यावर. माझे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे आणि माझे आजोबा गावच्या भजनाचे बुवा होते. तिकडच्या भजनात बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, पखवाजावर दुसरा कोणी असतो आणि मागे साथीने गाणाऱ्या झिलकऱ्यांच्या रांगेत घरातली, वाडीतली पोरे झांजा घेऊन बसलेली असतात. या पोरांना कोणी शिकवत नसे. रात्री अकरा वाजता झोप अनावर झाली तरी हातातली झांज ठेक्यावर पडत असे, आणि ती चुकली तर आजोबा गाणे न थांबवता फक्त मान वळवून पाहत. माझ्या वडिलांनी मुंबईला नोकरी धरली आणि पेटी माळ्यावर गेली. तिला मी खाली काढले तेव्हा भात्याचे कापड विरले होते, काही सूर मुके झाले होते आणि एक पट्टी दाबली की शेजारची आपोआप बोलत होती. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ती महिनाभर ठेवून घेतली. ज्या वाद्याला 1940 साली आकाशवाणीने आपल्या केंद्रांतून बाहेर काढले आणि पुढे सुमारे तीन दशके त्या दारात उभे केले नाही, त्याने आमच्या माळ्यावरही तेवढाच काळ काढला होता, असो.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका मास्तरांकडे जाऊन मी चंद्रकंस रागातला एक लेहरा शिकलो. आरंभी मी त्यांना स्पष्टच सांगितले की मला पेटीवादक व्हायचे नाही, मला सोळा मात्रा धरून ठेवता आल्या की पुरे. ते हसले आणि म्हणाले, तेच तर अवघड आहे. चंद्रकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य असतात; गंधार आणि धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हणजे षड्ज धरून पाचच स्वर, आणि बोटांना तेवढे जमायला मला तीन महिने लागले. घरी पहिल्यांदा मुलीसोबत बसलो तेव्हा चौथ्या-पाचव्या आवर्तनात माझे बोट कोमल निषादावर पडले. तिने हात न थांबवता ओरडून सांगितले, “बाबा, मालकंस!” तिचे म्हणणे बरोबर होते, कारण या दोन रागांत फरक त्या निषादाचाच आहे. ती हे कधी आणि कुठे शिकली, मला ठाऊक नव्हते. जवळपास दोन वर्षे तिला वर्गात सोडणाऱ्या बापाला आपल्या मुलीचा कान इतका तयार झाला आहे याची खबर त्या क्षणी लागली.

दुसरा दोष लयीचा. लेहरा धरणाऱ्याने लय ढळू द्यायची नाही, हे ऐकायला सोपे आहे. एका मात्रेला एक सेकंद धरला तर सोळा सेकंदांचे आवर्तन होते, आणि वीस मिनिटांच्या रियाजात तीच सुरावट 75 वेळा वाजवावी लागते. दहाव्या आवर्तनाला मन कंटाळते, विसाव्याला उद्याच्या कामाचा विचार येतो आणि बोटे नकळत पुढे धावू लागतात. “बाबा, तू पळतोयस” हे वाक्य मी पहिल्या वर्षात शेकडो वेळा ऐकले असेल. मी बँकेत काम करतो, दिवसभर आकड्यांशी खेळतो, तरी तिहाईचा हिशेब मला तिनेच शिकवला. पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवायचा, दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा मोकळी सोडायची. एकूण सतरा मात्रा होतात, आणि समेपासून सुरुवात केली असेल तर सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. हे तिने मला जेवणाच्या ताटाच्या कडेवर बोटाने टिचक्या मारून समजावले. तेव्हापासून तिहाई सुरू झाली की मी पेटीवरून नजर उचलून तिच्याकडे पाहतो आणि शेवटच्या ‘धा’ला आम्हा दोघांच्या माना एकदम खाली येतात. चुकली तर दोघेही हसतो. ती आता तेरा वर्षांची आहे. शाळेत काय झाले असे विचारले तर ‘काही नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, मात्र रियाज आटोपून तबल्यावर कापड घालताना ती आपणहून बोलू लागते आणि मग साडेनऊची वेळ दहापर्यंत लांबते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी यावर एकदा तक्रार केली होती. डग्ग्याखाली जाड गोधडी घातल्यापासून ती मिटली आहे.

संगीतातली आई-वडील आणि मुलांची मोठी उदाहरणे आपल्याला परिचित आहेत. नवजात झाकिर हुसेन यांना प्रथम कुशीत घेताना वडील अल्लारखाँ यांनी कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण झाकिरजी स्वतः सांगत असत. किशोरी आमोणकर आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुऱ्यावर बसून मैफलींना जात आणि त्या प्रवासांत कलावंताला मिळणारी वागणूकही त्यांनी पाहिली. परंतु ही उदाहरणे ऐकून सामान्य पालक आणखी मागे सरतो, कारण तेथे आई किंवा वडील हेच गुरू आहेत आणि आपल्याला तर ‘सा’ही ओळखता येत नाही, असे त्याला वाटते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आमच्या घरात जाणती मुलगी आहे आणि मी मागून येणारा विद्यार्थी आहे. अभ्यास, झोप, मोबाईल अशा दिवसातल्या प्रत्येक बाबतीत मी तिला सांगत असतो. रात्रीचा अर्धा-पाऊण तास ती मला सांगते, मी चुका कबूल करतो आणि पुन्हा समेपासून सुरू करतो. तिला तबला शिकवण्याची पात्रता माझ्याकडे असती, तर हे असे झाले असते की नाही याची मला शंका आहे. कदाचित मीही रिक्षात उलटतपासणी घेणारा पालक झालो असतो.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. तबल्याच्या वर्गांनी पालकांना मुलांच्या तासाला बसवू नये, पण महिन्यातून एखाद्या रविवारी इच्छुक आई-वडिलांना, आजी-आजोबांना तीनतालातला एक सोपा लेहरा शिकवावा. ज्याला पेटी शक्य नाही त्याला निदान हाताने टाळी-खाली, म्हणजे टाळी वाजवून आणि खालीला हात नुसता मोकळा हलवून ताल, धरायला शिकवावे. पहिली, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळीच्या, नववी खालीची, एवढे तर कोणत्याही आजोबांना एका बैठकीत येईल आणि नातवासमोर ताल धरून बसता येईल. यासाठी वेगळे शुल्क घेतले तरी हरकत नाही. यामुळे वर्गातली शिस्त बिघडेल असा आक्षेप येऊ शकतो. त्यावर माझे उत्तर असे की स्वतः सोळा मात्रा धरताना घाम फुटलेला पालक मुलाला ‘एवढे साधे जमत नाही का’ असे पुन्हा विचारत नाही. गणेशोत्सव मंडळांनाही एक विनंती आहे. वाद्यवादनाच्या स्पर्धा जरूर घ्याव्यात, पण एखादी संध्याकाळ बक्षिसांविना अशीही ठेवावी की जिच्यात एकाच घरातली दोन माणसे एकत्र गातील किंवा वाजवतील. आपल्या गावाकडच्या भजनांना परीक्षक नसतो, तरी ती पहाटेपर्यंत चालतात.

मुलीचा सध्याचा वर्ग वेगळा आहे आणि तेथील सर समजूतदार आहेत. येत्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात सर्व मुलांना साथ करण्यासाठी नेहमीप्रमाणे व्यावसायिक पेटीवादक येणार आहेत, परंतु पेशकार, म्हणजे वादनाचा संथ आरंभ, आणि पहिला कायदा होईपर्यंत बाबांनी लेहरा धरावा, असा हट्ट मुलीने धरला आणि सरांनी तो मान्य केला. रेल्याच्या, म्हणजे जलद लयीतल्या रचनेच्या, आधी मी उठायचे आहे, कारण त्या लयीत माझी बोटे टिकत नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. शुद्ध निषाद चुकू नये म्हणून तिने पेटीच्या त्या पट्टीवर खडूने एक बारीक खूण केली आहे. कार्यक्रमापूर्वी ती पुसायची की राहू द्यायची, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.

आपला,
एक पालक,
डोंबिवली (पूर्व)