करपा बुरशीचा, पुडी जिवाणूची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. घरी केळीचा मृगबाग, म्हणजे जून-जुलैतल्या लागवडीचा बाग आहे. यंदा पावसाळ्यात पानांवर करपा दिसला, तसा पुतण्या दुकानातून औषधाची पुडी घेऊन आला. पुडीवर ‘जिवाणूनाशक’ असं स्पष्ट छापलेलं. दोन फवारण्या झाल्या, तरी खालची पानं वाळतच गेली. मला जास्त वाईट वाटलं ते याचं, की शाळेत मीच त्याला शिकवलं होतं. ‘आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींतील फरक लिहा’ या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण होते!

करपा बुरशीने होतो. बुरशीची पेशी आपल्यासारखीच दृश्यकेंद्रकी, म्हणजे पटलाने वेढलेलं केंद्रक आणि ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका असलेली. जिवाणू आदिकेंद्रकी, त्याला केंद्रक नाही, डीएनएचा गुंता पेशीद्रवातच असतो. त्याचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, ७०एस आकाराचे, बुरशीचे त्याहून मोठे, ८०एस. स्ट्रेप्टोमायसीनसारखं जिवाणूनाशक त्या ७०एस रायबोसोमलाच धरतं. मग करप्यावर ते चालणार कसं? कंद मऊ पडून घाण वास सुटतो ती कंदकुज मात्र जिवाणूची. हरण्या हा केळीचा आणखी एक रोग, त्याच्या विषाणूला तर पेशीच नसते.

हा फरक डोळ्यांनी दिसतो. गालाच्या आतून दातकोरणीने हलकं खरवडायचं, काचपट्टीवर मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा आणि ४०० पट मोठं करून पाहायचं. भाकरीसारखी चपटी पेशी दिसते, मध्ये गडद निळा ठिपका, ते केंद्रक. त्याच पेशीवर खसखशीहून बारीक कण चिकटलेले असतात, ते तोंडातले जिवाणू. पेशी ५०-६० मायक्रोमीटरची, जिवाणू जेमतेम १ मायक्रोमीटरचा. हे एकदा पाहिलेलं मूल बुरशी आणि जिवाणू दोन्हींना एकच औषध लावणार नाही.

पुतण्याच्या वर्षी आमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची लेन्स फुटलेली होती. मी फळ्यावर आकृती काढून भागवलं, तक्ता पाठ करून घेतला. ती चूक माझी. केळीपट्ट्यातल्या शिक्षकांना विनंती, हा धडा काचपट्टीशिवाय उरकू नका. जमलं तर करप्याचं पानही वर्गात आणा.

निवृत्तीच्या पैशांतून मी सूक्ष्मदर्शक घेतला आहे. यावल-रावेरकडच्या कुठल्याही शाळेने बोलवावं, काचपट्ट्या घेऊन मी येईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. यावल, जि. जळगाव